खोपा पाडण्यापूर्वीं

विहिरीवरील बाभळीस लोंबणारे सुगरणीचे खोपे आमच्या वाचकांनीं पाहिले नाहींत, असें होणार नाहीं. परंतु ते विणणारा नर असतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सन १९३० मध्यें सलीम अली यांनीं अलिबागजवळील किहीम येथें या पांखरांवर चिकाटीनें नजर ठेविली. नर खोपा अर्धाच विणतो. मादी येऊन तो पारखते. पसंत पडल्यास नर तो पुरा करितो, आणि ती अंडीं उबवूं लागली कीं दुसरा खोपा आरंभितो, असें त्यांस आढळलें.

हें पांखरूं कणसांवर पडतें, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाहीं. तथापि तेंच आपल्या पिलांस किडे व अळ्या भरवितें. म्हणून खोपा पाडण्यापूर्वीं तो कांहीं दिवस पाहावा, अशी आमची विनंति आहे.

आतां मोबाइलांतहि कॅमेरा असतो. दूरच्या पांखरासाठीं मात्र लांब पल्ल्याचें भिंग लागतें. सकाळीं सूर्य पाठीशीं घेऊन राखणीच्या माळ्यावर स्वस्थ बसावें. छायाचित्र स्वच्छ यावें म्हणून घरट्याभोंवतालच्या फांद्या छाटूं नयेत. आडोसा गेला कीं कावळ्यास पिलें सांपडतात. डोंगरांत फिरतांनाहि हाच नियम पाळावा.

चोंचींत दाणा आहे कीं अळी, तें चित्रांत टिपावें; खालीं तारीख व उभें पीक लिहावें. एकदोन हंगामांच्या अशा नोंदी समोर ठेवूनच पांखरूं काय खातें व काय राखतें तें ठरवावें. ऐकीव गोष्टीवर गोफण उचलूं नये.