शाळेचे कपाट उघडले, तर घर शिकेल

अक्कलकोटहून दुधनीकडे निघाले की वाटेत मैंदर्गी लागते. नगरपरिषद असलेले, पण शेतीवर आणि शेतमजुरीवर जगणारे हे सीमेवरचे गाव. इथल्या पुष्कळ घरांत चुलीपुढे कन्नड बोलले जाते आणि शाळेच्या फळ्यावर मराठी लिहिले जाते. मूल सकाळी 'अव्वा, मी शाळेला जातो' असे कन्नडमध्ये सांगून निघते आणि अर्ध्या तासाने मराठीतला धडा वाचायला उभे राहते. आई-वडील दिवसभर रानात. घरात पुस्तक म्हणाल तर शाळेतून मिळालेले पाठ्यपुस्तक आणि भिंतीवरचे कॅलेंडर. अशा घरातल्या मुलाने अवांतर वाचन करावे म्हणजे नेमके काय करावे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच्या शाळेतच, एका कपाटात बंद असते.

माझ्या लहानपणी आमच्या शाळेत असेच एक लोखंडी कपाट होते. त्याची किल्ली गुरुजींच्या टेबलाच्या खणात असे. वर्षातून एकदा तपासणीच्या वेळी पुस्तके बाहेर निघत, झटकली जात आणि पुन्हा आत जात. एकदा मी धीर करून गोष्टीचे पुस्तक मागितले आणि घरी नेले. वडिलांना वाचता येत नव्हते. पण शाळेची वस्तू हरवली तर दंड भरावा लागतो, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते आणि दंडाला पैसा नव्हता. त्यांनी ते पुस्तक फडक्यात बांधून पेटीत ठेवले. आठ दिवसांनी ते जसेच्या तसे शाळेत परत गेले. मी त्याचे एक पानही वाचले नव्हते.

यात वडिलांचा दोष नव्हता. ग्रंथालय कशासाठी असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

दागिना गहाण टाकून आलेले पुस्तक

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांची हकीकत आपल्या घरांत सांगितली जाते. मुलाने पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले की ते विवाहित मुलींच्या घरी जात, उसने पैसे आणत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकत. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्रही त्यांनीच त्याला भेट दिले. एका पालकाची तळमळ आणि एका शिक्षकाने उघडलेले स्वतःचे कपाट, या दोन गोष्टी एकत्र आल्या. पुढे काय घडले ते जगाला माहीत आहे.

स्वतःला जे कष्टाने मिळाले ते समाजातल्या मुलांना सहज मिळावे, म्हणून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृहे काढणे आणि ग्रंथालये उघडणे हे सभेच्या उद्देशांतच लिहिलेले होते. सभेचे वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी निघाले, तेही आपल्या सोलापुरात. सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि विद्यार्थ्यांच्या हातून 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही काढले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, पोटाची भ्रांत असताना, आपल्या माणसांनी भाकरीइतकीच वाचनालयाची सोय महत्त्वाची मानली. आज कुणाला दागिना गहाण टाकायचा नाही. फक्त शाळेत जाऊन पुस्तक मागायचे आहे.

मागणे हा आपला हक्क आहे

पुष्कळ पालकांना वाटते की पुस्तक देणे ही गुरुजींची मेहेरबानी आहे. तसे नाही. २००९ सालचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके व गोष्टींची पुस्तके असावीत. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी इयत्तांप्रमाणे वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली.

याच कायद्याप्रमाणे शासकीय, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या जागा महिलांना असतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असते. तेव्हा या समितीत नुसती सही करायला जाऊ नये. बैठकीत तीन साधे प्रश्न विचारावेत. या वर्षी ग्रंथालयाला किती पैसे आले? कोणती पुस्तके घेतली? आणि मुलांना पुस्तके घरी मिळण्याचा वार कोणता? प्रश्न भांडणाच्या सुरात विचारू नयेत. बहुतेक गुरुजींना पुस्तके वाटायची असतात, पण हरवलेल्या पुस्तकाचा जाब आपल्याला द्यावा लागेल ही धास्ती त्यांनाही असते. आमच्या वडिलांची भीती आणि गुरुजींची भीती एकच होती. दोघे एकमेकांशी बोलले असते, तर ते पुस्तक पेटीत पडून राहिले नसते.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिले सूत्र असे की पुस्तके वापरण्यासाठी असतात. युरोपात एके काळी ग्रंथ चोरीला जाऊ नयेत म्हणून फळीला साखळीने बांधून ठेवत. आपल्याकडची कुलपे त्याच जातीची आहेत. वापरून फाटलेले पुस्तक हे कपाटात वाळवीने खाल्लेल्या पुस्तकापेक्षा केव्हाही बरे.

विद्यार्थ्यांनी काय करावे

पहिली गोष्ट, ग्रंथालय कोण सांभाळते ते विचारून घ्यावे. ग्रंथपाल असतील तर त्यांना, नसतील तर ज्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे किल्ली आहे त्यांना भेटावे. देवघेवीच्या वहीत आपले नाव, पुस्तकाचे नाव, क्रमांक आणि तारीख लिहून सही करावी. परत करण्याची तारीख आपल्या वहीतही टिपून ठेवावी.

दुसरी गोष्ट, पुस्तक निवडताना घाई करू नये. मलपृष्ठ वाचावे, अनुक्रमणिका पाहावी, मधले एखादे पान वाचून बघावे. एका पानावर पाच-सहा शब्द अडले तर पुस्तक आपल्याला थोडे जड आहे असे समजावे. ते ठेवून सोपे घ्यावे, यात लाज नाही. आठवीच्या मुलाने चौथीच्या पातळीचे पुस्तक आवडीने वाचले, तर तो पुढच्या वर्षी आठवीचे वाचील.

तिसरी गोष्ट, शोधायला शिकावे. शिक्षकांनी 'धरण' या विषयावर माहिती आणायला सांगितली, की बाजारातून तयार तक्ता विकत आणू नये. शब्दकोशात अर्थ पाहावा, विश्वकोशात नोंद वाचावी, भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा पाहावा आणि मग स्वतःच्या पाच वाक्यांत लिहावे. मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकाच्या कण्यावर आकडे असतात. ही पद्धत अमेरिकेच्या मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली काढली. तिच्यात ५०० पासून विज्ञान आणि ९०० पासून इतिहास-भूगोल येतो. एवढे ठाऊक असले तर पुढे सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पाऊल टाकताना मूल बुजत नाही. जिथे आपले वाडवडील दारापर्यंत जायला कचरत, तिथे ते सरळ आत जाते.

आई-वडिलांनी काय करावे

वाचता येत नसले तरी आई-वडिलांना या कामात मोठा वाटा आहे. घरात पुस्तकाला एक जागा करावी. कोनाडा चालेल, फळी चालेल, खोकेही चालेल. तिथे पाणी, तेल आणि उंदीर पोहोचणार नाहीत एवढे पाहावे. जाड कागदाचे वेष्टन घालावे. पान फाटले तर खळीने पातळ कागद लावून चिकटवावे आणि परत करताना गुरुजींना खरे सांगावे.

रात्री जेवणे झाली की पंधरा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे. अव्वाने भांडी घासता घासता ऐकावे. वाचून झाल्यावर 'आता हेच मला आपल्या बोलीत सांग' असे म्हणावे. मैंदर्गीच्या मुलांना हा फायदा दोन्हीकडून आहे. मराठीत वाचलेली गोष्ट अज्जीला कन्नडमध्ये सांगायची म्हटले की ती समजून घ्यावीच लागते, नुसती घोकून भागत नाही. आपली घरची भाषा शाळेच्या आड येते असे मानणारे लोक आहेत. खरे तर दोन भाषा येणाऱ्या मुलाच्या हातात दोन किल्ल्या असतात. बालभारती मराठीप्रमाणे कन्नड माध्यमाचीही पाठ्यपुस्तके काढते. शेजारच्या घरातली तशी पुस्तके मागून शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. मुलगा पुस्तक घेऊन ओट्यावर बसतो आणि त्याच वेळी मुलगी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते. पंधरा मिनिटांचा नियम तिलाही लागू करावा. तिच्या नावावर वेगळे पुस्तक आणावे, भावाचे वाचून झालेले नव्हे.

सुटीत शाळा बंद असते आणि कपाटही. म्हणून परीक्षा संपण्याआधी चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे आणि वीस-पंचवीस पुस्तके सुटीपुरती मागावीत. ती विहारात किंवा समाजमंदिरात ठेवावीत आणि एखाद्या मोठ्या मुलीकडे वही सोपवावी. यादीवर पालकांनी सह्या कराव्यात. एखादे पुस्तक हरवले तर सर्वांनी थोडे थोडे पैसे काढून भरून द्यावे. दंडाचा बोजा एका घरावर पडत नाही असे दिसले की भीती आपोआप जाते.

ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्यांनी त्याचाही उपयोग करावा. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, मराठी विश्वकोशही वाचता येतो. मात्र मोबाईल हातात आला की मूल भलतीकडे जाते, हे आपण पाहतोच. तेव्हा छापील पुस्तक आधी आणि मोबाईल शोधण्यापुरता, हा क्रम ठेवावा.

या सोमवारी

मोठ्या योजनेची वाट पाहू नये. येत्या सोमवारी मुलाला शाळेत सोडताना दोन मिनिटे थांबावे आणि गुरुजींना म्हणावे, 'गुरुजी, आमच्या पोराला एक गोष्टीचं पुस्तक घरी द्या. नीट वापरू, वेळेवर परत करू.' एवढेच वाक्य. एका पालकाने म्हटले तर कदाचित 'बघू' असे उत्तर येईल. दहा पालकांनी म्हटले तर कपाट उघडेल.

आणि ते पुस्तक घरी आले, की कृपा करून ते पेटीत बांधून ठेवू नका.