सातशे विड्या, सहा पेपर

पहाटे ४.५०

गजर पाचचा लावलाय, पण ती आधीच उठलीय. रात्री आईने दोनदा हाक मारली, साडेबाराला आणि तीनला. दोन्ही वेळा कूस बदलून दिली, उजवा पाय सरळ केला, गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवली. आज नळाला पाणी यायचा दिवस आहे. ती दार उघडून पाइपाला कान लावते. अजून नाही. मग गॅस पेटवायचा. आईसाठी पाणी तापत ठेवायचं आणि तेवढ्यात रात्रीची चादर बादलीत.

सोलापूरजवळच्या कुंभारीला ही वसाहत आहे, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची. विडी कामगार बायकांची दहा हजार घरं, चाव्या मिळाल्या २००६ मध्ये. त्यातलं हे एक घर तिच्या आईने विड्या वळून फेडलं. पोरगी अठरा वर्षांची आहे. तिचं नाव लिहायचं नाही असं आमचं ठरलंय. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. धाकटा भाऊ सहावीत. दोन वर्षांपूर्वी, ती अकरावीत असताना, मांडीवर सूप घेऊन बसलेली आई एका बाजूला कलंडली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच दुपारी गेलं. पायात थोडा जोर परत आला. बोलण्यातले चार-पाच शब्द परत आले. हात आला नाही.

पाणी येतं पाच वीसला. दोन पिंपं, सहा घागरी, चार बादल्या. पाऊण तास.

सकाळी ६.१०

आईला उठवायचं काम बघायला सोपं वाटतं, कारण तिला ते येतं. आधी आईला डाव्या कुशीवर घेते. पाय खाटेखाली सोडते. खांद्यामागे हात घालून बसवते आणि जरा थांबते, कारण एकदम उभं केलं की आईला गरगरतं. आईच्या कमरेला जुन्या लुगड्याची चौपदरी पट्टी बांधलेली असते. ती पट्टी दोन्ही हातांनी धरायची, आपले गुडघे आईच्या लुळ्या गुडघ्याला आडवे लावायचे म्हणजे तो दुमडत नाही. "अम्मा, एक, दोन..." तीनला दोघी उभ्या. आईचं वजन हिच्यापेक्षा जास्त आहे. एक वळण घेऊन कमोडच्या खुर्चीवर.

लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. हे तिला सरकारी दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनी एका सकाळी शिकवलं. पट्टीची युक्तीही त्यांचीच. त्या एका सकाळवर दोन वर्षं चाललीत.

आंघोळ, मग कपडे. काढताना चांगला हात आधी, घालताना लुळा हात आधी. ब्लाउज आता पुढून हुकांचा नाही, टिचबटणांचा आहे. तीस रुपये घेतले शिंप्याने बदलायला. पाठ पुसून ती माकडहाडाजवळची कातडी बोटाने दाबून बघते. लाल दिसली आणि लाली गेली नाही, तर दिवसभर त्या बाजूवर झोपवायचं नाही. आज ठीक आहे.

सकाळी ७.४०

चहात बुडवून बिस्किट. पाणी मात्र घोट घोट आणि हनुवटी खाली करून, नाहीतर ठसका लागतो. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ करायची गोळी. या दोन उपकेंद्रातून फुकट मिळतात. मिळाल्या नाहीत की मेडिकलमधून दहा दिवसांच्याच घेते.

भावाचा डबा, चपाती आणि शेंगाचटणी. तो स्वतःचा गणवेश स्वतः इस्त्री करतो, तव्यावर तापवलेल्या पितळी तांब्याने. निघताना आईच्या डाव्या हाताला हात लावून जातो. आई म्हणते, "जा." हा तिच्या चार-पाच शब्दांतला एक.

सकाळी ९.००

कारखाना म्हणजे वसाहतीतला एक गाळा. बायका पाट्या घेऊन रांगेत. आत एक माणूस काल वळलेल्या विड्या तपासतो. पंचवीस विड्यांचा कट्टा उचलतो, दोन-चार विड्या अंगठ्याने दाबतो, ढिली लागली की बाजूला. तिच्या आज अठरा विड्या छाटल्या. त्याचे पैसे नाहीत आणि पानही गेलं. मग नवा माल: तेंदूची पानं वजनावर, तंबाखू, दोरा. पानात फाटकी जास्त निघाली तर कमी पडणारी पानं आपल्या पैशाने आणायची. हजार विड्यांमागे तिच्या हातात दोनशे दहा रुपये पडतात. ती सातशेंचाच माल घेते. हजार होत नाहीत, आईकडे दर दोन तासांनी उठावं लागतं.

कार्ड आईच्या नावावर आहे. वळते ही. हिचं कार्ड करायला सांगून चार महिने झालेत.

घर पाच मिनिटांवर आहे. ती पळत येते. आई एकटी असते तेव्हा दार बाहेरून कडी लावून ठेवते, आणि ही गोष्ट तिला आवडत नाही, पण दार उघडं ठेवलं तर कुत्री शिरतात.

सकाळी १०.००

काल रात्री भिजवलेली पानं ओल्या फडक्यातून निघतात. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, जाड शीर टाळायची, कात्री पत्र्याच्या कडेने फिरवायची. पहिला तासभर फक्त कापणं. मग सूप मांडीवर.

पान बोटांवर आडवं. चिमूटभर तंबाखू, पेटवायच्या टोकाला किंचित जास्त. अंगठ्याने गुंडाळायचं, रुंद टोक नखाने आत दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे, तोडायचं. एक विडी बघता बघता होते. तिचं लक्ष विडीकडे नसतं. समोर पाटावर राज्यशास्त्राचं पुस्तक उघडं आहे, वर पकड म्हणून कात्री. पान उलटायचं असलं की ती कोपराने उलटते, बोटांना तंबाखू असते.

आई खाटेवर, पाठीला लोड. तिच्या पुढ्यात ताट. वळलेल्या विड्या त्या ताटात पडतात आणि आई डाव्या हाताने मोजते. पंचवीस झाल्या की ताटाच्या कडेला ढीग करून ठेवते. बोलता येत नाही तरी मोजण्यात चूक नाही. एक विडी तिने उचलली, बोटात फिरवली आणि मुलीच्या दिशेने टाकली. ढिली होती. मुलीने न बोलता दोरा सोडला आणि पुन्हा वळली. वीसपेक्षा जास्त वर्षं हेच काम केलेली बाई आहे. तपासणाऱ्याच्या आधी तिच्या हातून सुटलं तर सुटलं.

मला वाटतं, या घरात दोघी कामाला आहेत, आणि हे दोघींनाही माहीत आहे.

दर दोन तासांनी उठणं चुकत नाही. बाराला आईला खाटेवरून खुर्चीत. मग उजव्या हाताचा व्यायाम: मनगट धरायचं, मिटलेली बोटं एकेक करून उघडायची, अंगठा शेवटी. घाई केली तर मूठ आणखी आवळते. हाताची मूठ उघडली की आतला घाम पुसून घ्यायचा, नाहीतर तळव्याला वास येतो आणि कातडी फुटते. दहा वेळा उघडमीट. आई "बास" म्हणते. ती आणखी दोन करते.

दुपारी १.३०

भात, आमटी, आमटीतच भात कालवून. आईला डाव्या हाताने खाता येतं, सांडतं. सांडलं तरी भरवायचं नाही असं तिने ठरवलंय. अर्धा तास जातो. तेवढ्या वेळात ती उभ्याउभ्या जेवते आणि भांडी लावते.

दुपारी २.४५

बँक मित्र आला. संजय गांधी निराधार योजनेचे आईचे पैसे जमा झालेत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिन्याला अडीच हजार झाले, त्याआधी दीड हजार होते. आईला बँकेत नेणं म्हणजे रिक्षा पूर्ण करावी लागते, म्हणून हा मुलगा यंत्र घेऊन घरी येतो, त्याच्या मनाने.

उजव्या हाताची मूठ उघडून अंगठा टेकवला, यंत्राने घेतला नाही. डावा अंगठा, तोही नाही. वर्षानुवर्षं पान आणि दोरा घासून रेघा बुजल्यात. वसाहतीत अर्ध्या बायकांचं हेच, तो म्हणाला. ओलं फडकं, मग तेलाचं बोट, मग डाव्या हाताचं मधलं बोट. त्याने घेतलं. आई हसली.

पैसे मोजून ती डब्यातल्या वहीत लिहिते. आईचे २५००. भावाचे बाल संगोपन योजनेचे २२५०. वडील नसलेल्या मुलांसाठी ती योजना आहे. जूनपर्यंत तिलाही २२५० मिळायचे. जूनमध्ये अठरा पूर्ण झाली आणि बंद झाले. तेव्हापासून विड्या पाचशेवरून सातशेवर गेल्या.

वहीत आईचं खातं आहे, भावाचं आहे. ती दोन्हीकडे फक्त सही करणारी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या चोविसाव्या कलमात काळजी घेणाऱ्यासाठीचा भत्ता लिहिलेला आहे, मोठ्या मदतीची गरज असलेल्या दिव्यांगांकरता. केरळात आश्वासकिरणम नावाची योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्याला महिन्याला सहाशे रुपये. मी तिला ते सांगितलं. तिने लगेच हिशोब केला. "सहाशे म्हणजे तीन हजार विड्यांच्या आसपास की ओ. चार दिवस." चार दिवसांत काय केलं असतं, विचारलं. "झोपले असते एक दिवस. तीन दिवस अर्थशास्त्र."

दुपारी ४.३०

आशाताई. रक्तदाब मोजला, गोळ्या दिल्या, खाली बसली. तिच्या यादीत आईचं नाव आहे. मुलीला ती कधी तपासत नाही, पण आज म्हणाली, हात पुढे कर. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "फिकट आहेस. कंबर दुखते?" दुखते. लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढून दिली, आणि उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाक म्हणून करून दाखवलं, स्वतः उठून, पदर खोचून. मला या दिवसातला हा सगळ्यात मोलाचा दहा मिनिटांचा वेळ वाटला. इतर कुणी त्या घरात येतं ते आईसाठी येतं.

साडेपाचपर्यंत उरलेल्या विड्या. अठ्ठावीस कट्टे, आईने दोनदा मोजले.

संध्याकाळी ६.००

शेजारच्या अक्का स्वतःचं सूप घेऊन येतात आणि आईच्या खाटेजवळ बसतात. सहा ते आठ. पैसे नाहीत, ठरवाठरवीही झाली नव्हती. अक्कांच्या घरी वीज गेली होती एकदा, त्या इकडे येऊन वळत बसल्या आणि तेव्हापासून येतातच. दोघी तेलुगूत बोलतात, म्हणजे अक्का बोलतात आणि आई "हाँ" म्हणते. आईला काही लागलं तर अक्का उठवतात. पट्टी कशी धरायची ते पोरीने त्यांना शिकवलंय.

पोरगी वर गच्चीवर जाते. बारावीचा १७ नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून बसायचं. कॉलेज सुटलं तेव्हा तिथल्या एका सरांनी स्वतः फॉर्म आणून दिला होता. ते अजून नोट्सचे फोटो पाठवतात, व्हॉइस मेसेज टाकतात. ती ते दुप्पट वेगाने ऐकते. वहीत उत्तरं लिहून त्यांना फोटो पाठवते. काल त्यांनी एकच शेरा मारला होता: मुद्दे बरोबर, उदाहरण दे. आज तिने उदाहरण दिलं, ग्रामपंचायतीच्या पाण्याचं.

पहिला पाऊण तास ती झपाट्याने लिहिते. मग मान पडते. मग पुन्हा लिहिते. मी उठवलं नाही, अक्कांनी खालून हाक मारली, "झोपलीस काय गं?"

रात्री ८.१५

जेवण, चरबीची गोळी, डायपर. डायपर फक्त रात्रीचं, एक चाळीस रुपयांना पडतं. दिवसा लावलं तर महिन्याचे अडीच हजार त्यातच जातील. खाटेवर प्लास्टिक, वर चादर. उद्याची पानं पाण्यात. भाऊ पाढे म्हणून दाखवतो आणि आई चुकलेल्या ठिकाणी ताटावर बोट आपटते.

रात्री ९.१०

परीक्षेचं वेळापत्रक भिंतीला लावलंय. सहा पेपर. केंद्र सोलापुरात, पेपर अकरा ते दोन. साडेनऊला निघायचं, परत यायला साडेतीन. म्हणजे आईजवळ सलग सहा तास कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी तिला उभं करू शकणारं हवं. वेळापत्रकाच्या शेजारी तिने पेन्सिलीने नावं लिहिलीत. तीन पेपरना अक्का. त्या दिवशी अक्कांच्या विड्या निम्म्या होतील, ते पैसे मी देणार, ती म्हणाली. अक्का नको म्हणाल्या, त्यावर अजून वाद चालू आहे. दोन पेपरना शहरातली मावशी. उरला अर्थशास्त्राचा.

तिथे पेन्सिलीने भावाचं नाव होतं, त्याच्याच अक्षरात.

"मी राहतो ना. मला येतं उठवायला. एक दिवस शाळा बुडली तर काय होतंय?"

तिने खोडरबर मागितला. त्याने दिला नाही. तिने बोटाला थुंकी लावून नाव पुसलं, कागद जरा फाटला.

"तू शाळेतच जायचं," ती म्हणाली. चप्पल घातली, आईला सांगितलं आणि गल्लीच्या टोकाच्या घरी विचारायला गेली. तिथल्या बाईची सासू अशीच अंथरुणावर होती. तिला पट्टी धरता येत असणार.