पऱ्हाटीचा कोळसा : शेतातून प्रयोगशाळेकडे

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. आपल्यापैकी अनेकांचे बालपण त्या उपटण्यात, मोळ्या बांधण्यात आणि उरलेला ढीग धुऱ्यावर पेटवून देण्यात गेले आहे. पऱ्हाटी शेतात ठेवून भागत नाही. तिच्यात दडलेली गुलाबी बोंडअळी पुढच्या पिकावर उतरते. पेटवणे ही शेतकऱ्याची हौस नसून अडचण आहे. या अडचणीकडे रसायनशास्त्र कसे पाहते, हे माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे आम्ही येथे मांडत आहोत.

उघड्यावर पेटवलेल्या पऱ्हाटीतील कार्बन वायुरूप होऊन निघून जातो आणि मागे थोडी राख उरते. तीच पऱ्हाटी बंद भट्टीत, हवा जवळजवळ न देता, सुमारे ३०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली तर तिचे विघटन होते. वायू व डांबरासारखा द्रव बाहेर पडतो आणि कार्बनचा बराच भाग घनरूपात मागे राहतो. हाच जैवकोळसा, अर्थात बायोचार. जमिनीची सुधारणा करण्यासाठी तो वापरतात, हे काहींना ठाऊक असेल. त्याचा उत्प्रेरक म्हणून होणारा उपयोग मात्र कमी परिचित आहे.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे आपण शाळेतच शिकलो आहोत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची चिमूटभर काळी भुकटी टाकताच ऑक्सिजनचे बुडबुडे वेगाने निघतात आणि अखेरीस भुकटी तेवढीच उरते. अभिक्रियेचा वेग वाढवून स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ तो उत्प्रेरक.

कारखान्यांतील अनेक अभिक्रियांत हे काम गंधकाम्ल करते. वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल बनवण्याचे उदाहरण घेऊ. वारंवार तळणासाठी वापरलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढतात. अशा तेलात कॉस्टिक सोडा घातला तर त्यांचा साबण होतो. म्हणून आधी आम्लाच्या साहाय्याने या मेदाम्लांचा मिथेनॉलशी संयोग घडवावा लागतो. परंतु द्रव गंधकाम्ल मिश्रणातून सहज वेगळे काढता येत नाही. ते उदासीन करावे लागते, तयार माल पाण्याने धुवावा लागतो, भांडी गंजतात आणि सांडपाण्याचा प्रश्न उरतो तो उरतोच.

२००५ साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मिचिकाझू हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक मार्ग 'नेचर' या नियतकालिकात मांडला. त्यांनी साखर तापवून तिचा अर्धवट कोळसा केला आणि त्यावर तीव्र गंधकाम्लाची प्रक्रिया केली. त्यामुळे सल्फॉनिक आम्लगट कोळशाला रासायनिक बंधाने जोडले गेले. आम्ल आता घन झाले होते. काम संपल्यावर ते गाळून घ्यावे आणि पुन्हा वापरावे. पुढे अनेक प्रयोगशाळांनी साखरेच्या जागी भाताचा तूस, उसाची चिपाडे यांसारखा पिकांचा टाकाऊ भाग वापरून पाहिला. पऱ्हाटीही सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचीच बनलेली आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. घन उत्प्रेरक तयार करताना गंधकाम्ल लागतेच, आणि ते काम घरी करून पाहण्याचे नव्हे. प्रत्येक वापरात काही आम्लगट सुटतात, छिद्रे बुजतात व उत्प्रेरक मंदावतो. भट्टीतील वायू मोकळे सोडले तर धूर शेतातून उठून भट्टीपाशी आला, एवढाच फरक पडेल. शेतातील सारेच अवशेष उचलणेही योग्य नाही. कुटार जनावरांना लागते आणि पाचटावर माती पोसली जाते.

सर्वांत मोठा प्रश्न हिशेबाचा आहे. पऱ्हाटी उपटण्याची आणि वाहण्याची मजुरी निघून शेतकऱ्याच्या हाती काही उरले, तरच ती भट्टीपर्यंत पोहोचेल. हा हिशेब रसायनशास्त्राइतकाच शिवारही जाणणाऱ्याला नीट मांडता येईल. पऱ्हाटी उपटताना ज्यांचे तळहात सोलले, त्यांचीच मुले आज आमच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी हाती धरतात. या प्रश्नाकडे त्यांनी आपला प्रश्न म्हणून पाहावे, ही आमची अपेक्षा आहे.