घरच्या श्वानाचे छायाचित्र : थोडे खाली वाकून पाहिले तर…

चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात, मांबलम रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील गल्ल्यांमधून सकाळी फेरफटका मारला, तर दारापुढील कोलम आणि त्याच्या कडेला पहुडलेला घरचा कुत्रा हे दृश्य सहज पाहावयास मिळते. बदलीच्या निमित्ताने दक्षिणेत आलेल्या मराठी कुटुंबालाही ते टिपण्याचा मोह होतो. मात्र संगणकाच्या पडद्यावर पाहावे, तो मोठे डोके, आखूड पाय आणि हरवलेले डोळे! चित्रात कुत्रा असतो, परंतु घरच्यांना ओळखीचा असलेला तो नसतो.

याचे पहिले कारण उंची. उभ्याने, जवळून आणि रुंद कोनाच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात प्राण्याचे प्रमाण बिघडते. छायाचित्रकाराने ओट्याच्या पायरीवर बसावे, वेळप्रसंगी जमिनीवर आडवे व्हावे, दोन पावले मागे सरून झूम थोडा वाढवावा आणि फोकस डोळ्यांवर साधावा. एलियट अर्विट (1928–2023) यांच्या 1974 सालच्या न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध छायाचित्रात माणसाचे केवळ पाय दिसतात आणि टोपी घातलेला इवलासा चिवावा सर्व चित्र व्यापून राहतो. ही किमया महागड्या यंत्राची नसून दृष्टीच्या उंचीची आहे.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. चेन्नई सुमारे 13 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो व डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. सूर्योदयानंतरचा पहिला तास, खिडकीजवळची जागा किंवा ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांतील ढगाळ आकाश अधिक उपकारक. फ्लॅश मात्र बंदच ठेवावा. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे फ्लॅशच्या झोतात बुबुळे हिरवी-पिवळी चमकतात.

खरी गंमत रंगाची आहे. 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांवर तिकिटे काढली. त्यांत मुधोळ हाउंडसोबत तमिळनाडूचा राजापालयमही होता. पांढराशुभ्र राजापालयम चौकटभर आला की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक त्यालाच मध्यम करडा समजतो आणि चित्र मळकट उतरते. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +0.7 ते +1 करावे. काळ्याभोर कन्नीने चौकट भरली असता उलट घडते. काळा रंग राखेसारखा फिका पडतो, म्हणून –0.7 पुरेसे. तोच काळा कुत्रा पांढऱ्या भिंतीपुढे लहानसा दिसत असेल, तर तो निव्वळ डाग होतो. तेथे प्रकाश वाढवावा, किंवा सरळ जागा बदलावी, जे अधिक शहाणपणाचे! बाजूने येणाऱ्या प्रकाशात काळ्या केसांची लकाकी उत्तम उतरते.

प्राणी स्थिर बसत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. शटरचा वेग किमान 1/250 सेकंद ठेवावा. सायंकाळी त्यासाठी आयएसओ 800 पर्यंत न्यावा लागला तरी हरकत नाही. किंचित दाणेदार चित्र चालते, हललेले चालत नाही. जुन्या लहान कॅमेऱ्यांत कळ दाबल्यावर चित्र उमटण्यास क्षणभर विलंब होतो. कळ अर्धी दाबून फोकस आधीच धरून ठेवल्यास तो बराच टळतो. 2019 पासून काही कॅमेऱ्यांत प्राण्यांचे डोळे आपोआप हेरण्याची सोय आली, तरी कान टवकारण्याचा क्षण माणसालाच साधावा लागतो. त्यासाठी ओळखीचा, पण वेगळा आवाज एकदाच करावा. चौथ्या खेपेस कुत्रा ढुंकूनही पाहत नाही. त्याने तोंड फिरवले, सतत जांभया दिल्या वा ओठ चाटले, तर तो अस्वस्थ आहे असे समजून कॅमेरा ठेवून द्यावा.

चेन्नईच्या दमट हवेत आणखी एक अडचण संभवते. वातानुकूलित खोलीतून थेट अंगणात आणलेल्या भिंगावर बाष्प जमते. बंद पिशवीत ठेवून कॅमेरा अर्धा तास आधी बाहेर आणावा.

श्वानाचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे. तोंडाभोवतीचे केस पांढरे होऊ लागण्यापूर्वीची आणि नंतरचीही चित्रे घरात असावीत. मेमरी कार्ड म्हणजे लॉकर नव्हे; निवडक चित्रांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी आणि दोन-चार तरी कागदावर छापून घेऊन मागे तारीख लिहावी.