दिवा लागला, म्हणजे काम बरोबर झाले?

घरातल्या विजेच्या कामाबद्दलचा सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज म्हणजे, दिवा लागला आणि पंखा फिरला की काम बरोबर झाले. वास्तविक दिवा लागायला फारच थोड्या गोष्टी बरोबर असाव्या लागतात. फेज आणि न्यूट्रल होल्डरपर्यंत पोचले की तो लागतो. वायर पुरेशी जाड आहे का, जोड घट्ट बसला आहे का, बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत गेली आहे का, यांतले काहीही त्या उजेडातून कळत नाही. या सगळ्याची परीक्षा बिघाडाच्या दिवशी होते आणि तोपर्यंत चुकीचे काम बरोबर कामासारखेच वर्षानुवर्षे चालत राहते. त्यामुळे हौशी माणूस आणि निष्णात वायरमन यांच्यातला फरक वायरी जोडण्याच्या सफाईत शोधून सापडणार नाही. बिघाड झाला तर काय होईल याचा आधी केलेला विचार आणि काम संपल्यावर मोजून केलेली तपासणी, हे खरे कौशल्य आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा दरवर्षी बारा हजारांच्या वर दिसतो. हे सगळे मृत्यू घरातले नाहीत, पण या विषयाकडे किती गांभीर्याने पाहायला हवे ते सांगायला एवढा आकडा पुरेसा आहे.

‘घरची लाइन २३० व्होल्टची, तिने फार तर झटका बसतो’ असे अनेक जण मानतात. आजवर दोन-चार झटके बसूनही आपण धडधाकट आहोत, हा त्यांचा पुरावा असतो. पण इजा किती होणार हे शरीरातून किती प्रवाह, कोणत्या मार्गाने आणि किती वेळ गेला यावर ठरते. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहाने हाताचे स्नायू असे आखडतात की पकडलेली तार सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह छातीतून काही क्षण वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडून जीव जाण्याचा धोका सुरू होतो. कोरड्या त्वचेचा रोध बराच जास्त असतो, म्हणून अनेकदा माणूस थोडक्यात वाचतो. अंग घामाने किंवा पाण्याने ओले असले की तोच रोध हजार ओमच्या आसपास येऊ शकतो आणि मग २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीजवळ किंवा बाथरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाची स्थिती हीच असते. आधीचे झटके पचले ते त्वचा कोरडी होती आणि हात लगेच सुटला म्हणून, वीज सौम्य होती म्हणून नव्हे.

यावर लगेच उत्तर येते की आता घरोघरी एमसीबी आहेत, काही झाले तर ते पडतीलच. हा दुसरा मोठा गैरसमज आहे. एमसीबी प्रामुख्याने वायरीचे रक्षण करतो. वायरीला झेपेल त्याहून जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला किंवा शॉर्ट सर्किट झाले, तर तो पडतो. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअरची मर्यादा. माणसाच्या अंगातून जाणारे २३० मिलिअँपिअर त्याच्या दृष्टीने साधारण ५० वॅटच्या दिव्याइतका भार असतो, त्यामुळे तो पडण्याचे कारणच नाही. माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरची गळती दिसली तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो. त्यालाही मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आले, तर गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखाच राहतो आणि आरसीसीबीला काही कळत नाही. कोणते उपकरण कशापासून वाचवते आणि कशापासून वाचवत नाही, हे नेमके माहीत असणे हा वायरमनच्या शिक्षणाचा गाभा आहे.

एमसीबी वारंवार पडू लागला की तो काढून मोठा बसवायचा, हा घरगुती उपाय या अज्ञानातूनच येतो. दिव्या-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला २.५ ची आणि मोठ्या एसीला बहुधा ४ ची, अशी सर्वसाधारण रीत आहे. एमसीबीचा आकडा या जाडीवरून ठरतो. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. १६ च्या जागी ३२ चा एमसीबी बसवणारा माणूस भिंतीतल्या वायरीला चौपट तापण्याची मुभा देतो. यापेक्षाही फसवा असतो तो ढिला जोड. दोन तारा पिळून वर टेप गुंडाळला आणि त्या जोडाचा रोध वाढून अर्धा ओम झाला, असे समजू. २ किलोवॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे त्या एका बिंदूवर ३८ वॅटच्या आसपास उष्णता साठत राहते. सोल्डरिंगची लहान इस्त्री साधारण २५ वॅटची असते. हा ताप लाकडी बोर्डाच्या किंवा फॉल्स सीलिंगच्या आत बंदिस्त असतो. यात प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी पडत नाही, आणि गळती नसल्याने आरसीसीबीही पडत नाही. आग लागेपर्यंत गीझर मात्र पाणी तापवत राहतो.

टेस्टरवरचा विश्वास हाही असाच अपुरा आहे. टेस्टरचा दिवा लागला तर तिथे विजेचा दाब आहे एवढेच कळते. न्यूट्रल शाबूत आहे का, अर्थिंग आहे का, हे तो सांगत नाही. तो लागला नाही म्हणून तार मृत आहे असेही धरता येत नाही, कारण टेस्टरच बिघडलेला असू शकतो. बटण चुकून न्यूट्रलवर बसले असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत राहतो. बटण बंद करून निर्धास्तपणे बल्ब बदलणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो. अर्थिंगची तार सापडत नाही म्हणून सॉकेटच्या तिसऱ्या भोकात न्यूट्रलचाच तुकडा जोडण्याची युक्ती तर सरळ जिवावर बेतणारी आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर फ्रीजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या धातूच्या अंगावर पूर्ण दाब येतो. प्लगची अर्थिंगची पिन इतर दोन्हींपेक्षा लांब ठेवलेली असते ती याचसाठी, की अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि सर्वांत शेवटी सुटावे.

मग घरच्या माणसाने बल्बही बदलू नये का? तसे मुळीच नाही, आणि कायदाही तसे म्हणत नाही. भारतीय वीज नियम, १९५६ मध्ये, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांतही एक समंजस रेषा आखलेली आहे. २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, बटणे, घरगुती उपकरणे यांची अदलाबदल कोणीही करू शकतो, मात्र तिच्यामुळे मांडणीची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. नवी लाइन ओढणे, सॉकेट वाढवणे, जुन्या दिव्याच्या वायरीवर एसी चढवणे ही कामे परवानाधारक कंत्राटदाराकडून आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवीत. महाराष्ट्रात अनुज्ञापक मंडळ हे परवाने देते. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. त्या शिक्षणात मेगरने ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासणे, अर्थिंग सलग आहे का ते पाहणे, त्याचा रोध मोजणे, फेज-न्यूट्रल जागच्या जागी आहेत याची खात्री करणे ही सवय अंगी बाणवली जाते.

येथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, ‘वायरमन’ म्हणून येणाऱ्या अनेकांकडे परवाना नसतो, आणि घरचा काळजीवाहू माणूस घाईतल्या कारागिरापेक्षा नीट काम करतो. हौशी माणसाकडे वेळ असतो, आस्था असते, हे खरेच. पण यातून निघणारा निष्कर्ष स्वतःच काम करण्याचा नाही, तर परवाना पाहून माणूस निवडण्याचा आहे. पैसे घेणे म्हणजे कौशल्य नव्हे. मोजून तपासणे हे कौशल्य, आणि आस्था कितीही असली तरी मेगरचे काम तिने होत नाही. दुसरा आक्षेप परदेशांचा दाखला देतो. न्यूझीलंडमध्ये घरमालक स्वतःच्या घरातले काही वायरिंग कायद्याने करू शकतो, इंग्लंडमध्येही त्याला मज्जाव नाही. हेही खरे आहे. पण न्यूझीलंडमध्ये असे नवे वायरिंग परवानाधारक निरीक्षकाने तपासल्याखेरीज त्यात वीज सोडता येत नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून नव्या सर्किटसारखे मोठे काम इमारत नियंत्रण यंत्रणेला कळवून प्रमाणित करून घ्यावे लागते. वायर ओढायला हौशी हात चालतील, पण तपासणी सुटणार नाही, हाच या दोन्ही देशांच्या नियमांचा अर्थ आहे.

म्हणून बल्ब, ट्यूब जरूर बदला, पण मेन स्विच बंद करून. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते आजच पाहा, आणि त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबत राहा. नवी लाइन टाकून घ्यायची असेल तर मजुरीच्या आधी परवाना विचारा, आणि काम संपल्यावर इन्सुलेशन व अर्थिंगचे मोजलेले आकडे कागदावर लिहून मागा. हे आकडे न देता फक्त दिवा लावून दाखवणाऱ्याचे काम अपुरे आहे, मग तो कारागीर असो की घरचा माणूस.