पेशींसाठी उभारलेला मांडव

मलाजखंडची तांब्याची खाण १९८२ साली राष्ट्राला अर्पण झाली. तेव्हापासून या परिसरातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ तिच्यावर चालत आला आहे. जेथे दगड फोडून पोट भरावयाचे, तेथे हातपाय मोडण्याचे भय हे असावयाचेच. मोडलेले हाड कालांतराने सांधते, कातडीची जखम भरून येते. परंतु कण्यातील मज्जारज्जू तुटला, की मनुष्य बहुधा कायमचा खाटेला खिळतो. यावर शास्त्रज्ञ काय शोधीत आहेत हे वाचकांना ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. कारण याच आशेच्या नावाखाली भोळ्या माणसांची लूटही होत असते.

परसातील दोडक्याचा वेल पाहा. मांडव असला तर तो चढतो, फुलतो. नसला तर मातीत लोळून कुजतो. आपल्या शरीरातील बहुतेक पेशींचेही तसेच आहे. प्रथिनांच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याला धरून त्या जगतात. मोठ्या जखमेत हे जाळेच नष्ट होते, आणि मांडव कोसळल्यावर वेलाने चढावे तरी कशावर?

हा मांडव आपला आपण उभा राहू शकतो, ही गोष्ट मात्र नवलाची आहे. ज्याने पाव फुगतो त्या यीस्टमधील एका प्रथिनाचा अभ्यास करताना अमेरिकेत शुगुआंग झांग यांना त्याचा एक लहानसा तुकडा आढळला. अवघ्या १६ अमिनो आम्लांची ती साखळी. अशा साखळीला पेप्टाइड म्हणतात. तिची एक बाजू पाण्याला जवळ करणारी, दुसरी पाण्यापासून पळणारी. शिवाय तिच्यावर धन व ऋण विद्युत्भार क्रमाने मांडलेले. त्यामुळे क्षारयुक्त पाण्यात या साखळ्या एकमेकींना बिलगून तंतू विणतात, व कोरफडीच्या गरासारखा पदार्थ तयार होतो. त्यात शेकडा ९९ भाग पाणीच असते! हा शोध १९९३ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००६ साली अशाच एका पेप्टाइडाच्या साह्याने, दृष्टीचा मज्जामार्ग कापलेल्या हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांना पुन्हा काही अंशी दिसू लागल्याचे प्रसिद्ध झाले.

आपल्या मुंबईत, पवई येथील आय. आय. टी. मध्ये, प्राध्यापक समीर माजी व त्यांचे सहकारी यांनी याहून धाडसी वाट धरली. अल्झायमर व पार्किन्सन या रोगांत मेंदूमध्ये प्रथिनांचे घट्ट तंतू साचतात. आजोबांना नातवंडांची नावे आठवेनाशी होतात, हात थरथरू लागतो, त्या रोगांशी या तंतूंचा निकट संबंध आहे. या मंडळींनी असे तंतू पेशींना अपाय न करता आधार देतील अशा रीतीने घडविले. अल्झायमरमधील प्रथिनाच्या शेपटावरून बेतलेल्या पेप्टाइडांचा गर त्यांनी २०१५ साली जगापुढे मांडला. २०१६ साली पार्किन्सनमधील प्रथिनापासून केलेल्या गरातून मूळ पेशी उंदरांच्या मेंदूत रोवून पाहिल्या. शत्रूच्याच दगडांनी आपले घर बांधावे, तसा हा प्रकार.

येथे श्रद्धावंत वाचक विचारतील, की या पेशी गर्भातून काढतात काय? जगात काही ठिकाणी तसे होते, व ख्रिस्तसभेने त्यास विरोध केला आहे. पवईच्या या प्रयोगांतील मूळ पेशी त्या जातीच्या नव्हत्या. प्रौढांच्या अस्थिमज्जेतही त्या प्रकारच्या पेशी सापडतात.

आता व्यवहाराचे. शस्त्रक्रियेतील रक्तस्राव थांबविण्यासाठी व दातांची कीड आरंभीच रोखण्यासाठी असली पेप्टाइडे परदेशांत वापरात आली आहेत. तुटलेल्या मज्जारज्जूसाठी मात्र ती अद्याप प्रयोगशाळेतच आहेत. तेव्हा "मूळ पेशींची सुई घ्या, रुग्ण चालू लागेल," असे सांगून कोणी लाखो रुपये मागितले, तर शेत गहाण टाकण्यापूर्वी थांबावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, रक्ताच्या काही विकारांतील मज्जारोपण वगळता, असले उपचार केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात. नोंदणीचा क्रमांक मागून पाहावा. तो न दाखविणाऱ्याकडे जाऊच नये. दरम्यान घरच्यांनी रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, पाठ व टाचा रोज नीट न्याहाळाव्या. कातडी लाल दिसू लागली, की त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.