कालवाचे बीज : परिस्थितीचे परिणाम

खडक, बांबू किंवा रिकाम्या शिंपल्याला नुकत्याच चिकटलेल्या कोवळ्या कालवास कालवशेतीत ‘बीज’ म्हणतात. रायगड (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे धरमतर, रेवदंडा, राजपुरी व बाणकोट या प्रमुख खाड्या आहेत. येथील खडकांवर सॅकोस्ट्रिया कुकुलाटा ही लहान जाती, तर खाड्यांच्या गढूळ पाण्यात क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस ही मोठी जाती आढळते. पहिल्या जातीवर, तिच्या ऑस्ट्रिया कुकुलाटा या तत्कालीन नावाने, १९३१ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तिला ‘मुंबईचे कालव’ म्हटले आहे.

अंड्यांचे निषेचन (फलन) पाण्यातच होते. सुमारे एका दिवसात सूक्ष्म कवच असलेला डिंभ (भ्रूणानंतरची स्वतंत्रपणे जगणारी अवस्था) तयार होतो व दोन ते तीन आठवडे प्लवकांत तरंगतो. अखेरीस त्यास नेत्रबिंदू व पाद येतात. पादाने चाचपून तो कठीण, स्वच्छ पृष्ठ निवडतो आणि डाव्या शिंपेने कायमचा चिकटतो. यानंतर त्यास जागा बदलता येत नाही. तेथील पाणी जसे असेल तसे सोसावे लागते.

या किनाऱ्यावर तापमानापेक्षा लवणतेतील बदल अधिक निर्णायक असतो. उन्हाळ्यात खाडीच्या मुखाशी दर हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात. जून ते सप्टेंबरच्या पावसात खाडीच्या आतील भागातील पाणी जवळजवळ गोडे होते. अशा वेळी प्रौढ कालव शिंपा मिटून काही दिवस तग धरते. मिटलेल्या स्थितीत अन्नग्रहण थांबते व साठविलेल्या ग्लायकोजेनावर निर्वाह करावा लागतो. बीजापाशी हा साठा अल्प असल्याने पूर लांबल्यास प्रथम तेच मरते. तथापि गोडे पाणी सर्वस्वी घातक नव्हे : लवणतेतील बदलामुळे कालवांच्या प्रजोत्पादनास चालना मिळते, तसेच शिंपेला भोक पाडणाऱ्या सागरी गोगलगाई त्यामुळे दूर राहतात.

पुराबरोबर येणारा गाळ कल्ल्यांत अडकतो व चिकटण्याची पृष्ठे झाकून टाकतो. म्हणून बीज धरण्यासाठी शिंपल्यांच्या माळा बांबूच्या मांडवावरून तळापासून वर टांगतात. माळा फार लवकर सोडल्यास त्यांवर गाळ व बार्नेकल बसतात आणि उशीर झाल्यास डिंभांचा हंगाम निघून जातो. त्यामुळे पाण्यातील नेत्रबिंदूयुक्त डिंभ तपासून दिवस ठरविणे श्रेयस्कर होय. मांडवाची उंचीही महत्त्वाची आहे. उधाणाच्या ओहोटीत, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात, बीज फार वेळ उघडे राहिल्यास करपते.

पाण्याची आम्लता वाढल्यास डिंभांना कवच बनविणे कठीण जाते. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावरील एका बीजशाळेत २००७-०८ च्या सुमारास या कारणाने असंख्य डिंभ मेले; पुढे तेथे पाण्याची तपासणी करून आम्लता कमी करण्यात येऊ लागली. खाडीत टांगलेल्या माळांबाबत असा उपाय शक्य नाही. तेथे बीज धरल्यावर अतिवृष्टीपूर्वी माळा मुखाकडील खाऱ्या पाण्यात हलविणे एवढेच शेतकऱ्याच्या हाती असते.